तुम्ही विचारलंत म्हणून: कुठल्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करू?

"दादा, घरात गाणं रेकॉर्ड करायचंय. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" भजनी मंडळातली पोरं विचारतात, परवा पोवाडा म्हणणाऱ्या एका मुलीनंही विचारलं. ऑडॅसिटी घ्या. २००० सालापासून फुकट मिळतंय, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. पण पहिला महिना इफेक्टच्या मेनूला हात लावू नका. आवाज नीट आत घ्यायला शिका.

मी ते हलगीवर शिकलो. मंगळवार पेठेतल्या आमच्या खोलीत एका काकांना वाजवायला बसवलं. हलगी शेकून, चांगली ताणून आणलेली. त्यांनी सहज दोन-चार टिपऱ्या मारल्या, त्यावर मी लेव्हल, म्हणजे आवाज किती जोरात आत घ्यायचा ते, लावली. मग काका रंगात आले, आणि पडद्यावर लाटेचे माथे विळ्यानं छाटल्यासारखे सपाट! रेकॉर्डिंगच्या मापात शून्य डेसिबल ही वरची हद्द; त्याच्या वरचं साउंड कार्ड पकडतच नाही. ऑडॅसिटीत क्लिप फिक्स नावाचा इफेक्ट आहे, पण तो छाटलेली टोकं अंदाजानं भरतो. काकांच्या टिपरीचा खणखणाट त्यात नव्हता. तोवर हलगीही उतरली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा यावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी सगळ्यात जोरात वाजवून घ्या, गाऊन घ्या. २४ बिट (आवाज किती बारकाईनं मोजायचा ते) ठेवा आणि सर्वात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाट बारीक दिसली तरी घाबरू नका, नंतर वाढवता येते.

सुरुवातीला पाच सेकंद कुणी हलू नये. पुढं मागचा गोंगाट कमी करणारा नॉइज रिडक्शन हा इफेक्ट वापराल, तेव्हा त्याला त्या शांततेचा नमुना लागतो. पंख्याची एकसारखी घरघर त्यानं बरीच कमी होते. पत्र्यावरचा पाऊस मात्र क्षणाक्षणाला बदलतो, तो असा पुसला जात नाही. आपल्याकडं जुलैत रेकॉर्डिंग ठेवताना एवढं ध्यानात असू द्या.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, ४४,१०० पुरतो. त्यात सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, माणसाच्या कानाची धाव साधारण २०,००० पर्यंतच. व्हिडिओसाठी करत असाल तर ४८,००० ठेवा. मूळ फाइल वेव्ह (WAV) प्रकारातच जपा, एमपी३ फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला.

पेटी, तबला, कोरस असे थर चढवायला लागलात की रीपर हे सॉफ्टवेअर बघा. ६० दिवस वापरून पाहता येतं. तिथं हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला तर बफर साइज (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते) कमी करा; आवाज तुटायला लागला तर थोडा वाढवा.