करंट दिला की पोलाद मऊ पडतं का?

वाळूजला डायच्या, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यांच्या, कामात आहे म्हटल्यावर जालन्याचे रोलिंग मिलवाले पाहुणे असोत की पॉलिटेक्निकची पोरं, हे विचारतातच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

पडतं. भांडण आहे ते कशामुळे पडतं, यावर. जस्ताचे स्फटिक ताणताना विजेचे झटके दिले की ताण एकदम उतरतो, हे १९६०च्या दशकात सोव्हिएत संशोधक त्रोइत्स्की यांनी दाखवलं. धावते इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या विस्थापनांना (अणूंच्या रांगांतले दोष, जे सरकले की धातू वाकतो) पुढे ढकलतात, असं तेव्हापासून म्हटलं जातं. ऐकायला झकास आहे, पण मी आधी तापमान विचारतो.

१ मिमी जाड, २० मिमी रुंद पट्टी घ्या आणि २००० अँपिअर सोडा. सेकंदाच्या दहाव्या भागात ती साधारण ५० अंशांनी तापते. तापली की फुगते. टेस्टिंग मशीनचे जबडे जागचे हलले नाहीत, तर नुसत्या त्या फुगण्यानं ताण १२० मेगापास्कलच्या आसपास उतरतो. ग्राफवर घसरण दिसते, बघणारा खूश होतो, आणि पोलाद मात्र होतं तेवढंच कडक असतं!

म्हणून दुसरी पट्टी भट्टीत तेवढीच तापवून ओढायची. दोघींत जो फरक उरेल, तोच करंटचा. काही प्रयोगांत तो उरतोही. पण बारीक भेगांच्या टोकाशी करंट दाटतो, तिथे जास्त तापतं, आणि वरून चिकटवलेल्या थर्मोकपलला (तापमान मोजणाऱ्या तारेला) त्याचा पत्ता लागत नाही. त्यामुळे सगळं श्रेय इलेक्ट्रॉनला द्यायला माझं मन धजत नाही.

आमच्या कामाचा प्रश्न वेगळा, स्प्रिंगबॅकचा, म्हणजे वाकवलेला पत्रा दाब सुटताच थोडा परत उलगडण्याचा. ९८० ग्रेडच्या, म्हणजे ९८० मेगापास्कल ताकदीच्या पोलादाचा ताठरपणा साध्या पोलादाइतकाच, पण वाकायला लागणारा ताण कितीतरी जास्त. पंच, म्हणजे पत्रा दाबणारा वरचा भाग, वर गेला की वाकवलेला पार्ट उघडतो. पंच दाबलेला असतानाच झटका दिला तर आतला ताण सैल होतो, पार्ट कमी उघडतो. मग ते उष्णतेनं झालं की इलेक्ट्रॉननं, पार्ट घेणाऱ्याला काय त्याचं! फक्त जास्त तापवलंत तर मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाला ताकद देणारी कडक रचना, टेंपर होतं (मऊ पडतं), आणि ज्या ताकदीचे पैसे मोजले तीच जाते.

आणि हो, डायसुद्धा पोलादाचीच असते. पट्टी सोडून करंट तिच्यातूनच पळतो. म्हणून कोटेशन मागवाल तेव्हा आधी इन्सुलेशनचं मागवा.