उजव्या बाजूला कारण

दहावीला मार्क कमी पडले की आर्ट्स, आणि आर्ट्सला गेल्यावर मार्क हवे असले की लॉजिक. महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुलामुलींची तत्त्वज्ञानाशी पहिली गाठ अशी पडते. 'तर्कशास्त्र' हे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठापुरतं. वर्गात, नोटीस बोर्डावर, एसटीच्या पासाच्या रांगेत सगळीकडे ते 'लॉजिक'च. 'तत्त्वज्ञान' नावाचा वेगळा विषयही असतो, पण त्याच्या वाट्याला फारसं कुणी जात नाही, कारण त्यात पानंच्या पानं लिहावी लागतात. लॉजिकचं तसं नाही, गणितासारखे पैकीच्या पैकी. 'स्कोअरिंग आहे' या एका शिफारशीवर आमचा निम्मा वर्ग ॲरिस्टॉटलच्या दारात जाऊन उभा राहिला.

आमचा जिल्हा जळगाव. म्हणजे ज्या जिल्ह्यातल्या अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, तो. गिरणी चालवणाऱ्या माणसाने तालुक्याच्या गावी वेदान्ताच्या अभ्यासासाठी संस्था काढावी, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे बंगालचे तत्त्वज्ञ तिथे येऊन राहावेत, आणि साने गुरुजी शाळेत मास्तर होण्याआधी त्या गावी आले ते तिथे तत्त्वज्ञान शिकायलाच! इतकी पुण्याई पाठीशी असताना आम्ही त्याच मातीत 'स्कोअरिंग आहे ना?' एवढंच विचारत होतो. अर्थात सोळाव्या वर्षी कुणी ब्रह्म विचारत आलंच असतं, तर सरांनी त्याला आधी डॉक्टरकडे नेलं असतं.

सुरुवात सत्यताकोष्टकाने व्हायची, म्हणजे विधानं खरी-खोटी असण्याच्या सगळ्या शक्यता मांडणाऱ्या तक्त्याने. दोन विधानं असली की 4 ओळी, तीन असली की 8, चार असली की 16. पट्टीने रेघा मारायच्या आणि टी-एफ, टी-एफ भरत जायचं. इथवर सगळे खूश. घोळ सुरू झाला 'जर-तर'पाशी. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'जर पुणे समुद्रकाठी असेल, तर माझ्या मामाकडे तीन जहाजं आहेत.' आणि म्हणाले, हे विधान सत्य आहे. वर्गात हलकल्लोळ. पुण्याला समुद्र नाही, सरांचा मामा एरंडोलला किराणा दुकान चालवतो, मग सत्य कसलं? सर शांतपणे म्हणाले, 'मी वचन दिलंय. ते मोडलं कधी म्हणाल? पुण्याला समुद्र आला आणि तरी मामाकडे जहाजं निघाली नाहीत, तरच ना? तोवर मला खोटं ठरवून दाखवा.' कुणालाच ठरवता आलं नाही. निवडणुकीच्या सभांमधली बरीच आश्वासनं ऐकताना मला अजून ती तीन जहाजं दिसतात.

मग आला ओला रस्ता. पाऊस पडला तर रस्ता ओला होतो, रस्ता ओला आहे, म्हणून पाऊस पडला. सोळा वर्षांच्या डोक्याला हे इतकं सरळ वाटतं की त्यात खोट काढणाऱ्याचा रागच येतो. आमच्या गावात पावसापेक्षा टँकर गळून रस्ता ओला होण्याची शक्यता जास्त होती, त्यामुळे आम्हाला ती खोट पटकन पटली, एवढंच.

सर पोर्शनच्या बाहेर जायचे, आणि जायचे तेव्हाच खरी मजा यायची. एकदा न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कपरंपरेतलं, अनुमान सांगायला लागले. ॲरिस्टॉटलचं तीन ओळींत भागतं, नैयायिकांना पाच लागतात. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर, हे उदाहरण. हा पर्वतही तसाच धूर असलेला, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. इतक्या थोर शास्त्रात स्वयंपाकघर यावं याचं आम्हा मुलींना भारी वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, 'सर, आमच्याकडे गॅस आहे. धूर नसतो. मग आग नाही म्हणायचं का?'

सर त्या दिवशी जितके खूश झाले तितके आमच्या निकालालाही कधी झाले नाहीत. म्हणाले, 'हा बघा, पुन्हा ओला रस्ता! धूर असेल तिथे आग असते म्हटलंय. आग असेल तिथे धूर असतोच, असं कोण म्हणालं?' नैयायिकांनी म्हणे हा प्रश्न शेकडो वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला होता, लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण देऊन. त्यात आग आहे, धूर नाही. 'मग आगीतून धूर निघायला आणखी काय लागतं?' सरांनी विचारलं. पहिल्या बाकावरची हुशार मंडळी गप्प. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने येणारी एक मुलगी, जी वर्षभरात तोंड उघडत नव्हती, म्हणाली, 'वल्लं लाकूड, सर. वाळलेल्या पऱ्हाट्या नुसत्या भडकतात, धूर करत नाहीत.' सर तिच्याकडे बघत राहिले. न्यायशास्त्राचं उत्तर शब्दशः तेच आहे, ओल्या इंधनाशी संयोग. रोज पहाटे चूल फुंकणाऱ्या मुलीला ते पाठ करावं लागलं नव्हतं.

बारावीत सिद्धता आल्या. अनुमानाचे 9 नियम, शिवाय विधानांच्या अदलाबदलीचे आणखी 10. डावीकडे एकाखाली एक ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या उजव्या बाजूला ती कुठून आली त्याचं कारण: 1, 2, एम.पी. किंवा 4, सिम्प., म्हणजे आधीच्या ओळींचे आकडे आणि नियमाचं छोटं नाव. कारण लिहिलं नाही तर ओळ बरोबर असूनही मार्क जायचा. या विषयाने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी ही उजवी बाजू दाखवीन. इतिहासात चार वाक्यं गोल-गोल फिरवता येतात, मराठीत तर फिरवावीच लागतात. सिद्धतेत थापा चालत नाहीत. तिसऱ्या ओळीला आधार नाही म्हटल्यावर दहाव्या ओळीचं अक्षर कितीही सुंदर असो, उपयोग नाही.

घरात मात्र या विद्येने वाटोळं केलं. 'मी सांगतेय म्हणून' हे आईचं आवडतं कारण. त्यापुढे कुठला नियम लिहायचा हे मी तिला विचारलं. 'तू कधीच वेळेवर उठत नाहीस' यावर मी म्हणाले की हे सार्विक विधान आहे, ते पाडायला एक उदाहरण पुरे, आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मी चारला उठले होते. तर्क निर्दोष होता. त्या दिवशी ताट मात्र मलाच वाढून घ्यावं लागलं. 'सगळ्या बायका सोशिक असतात' याच्या विरुद्ध 'एकही बाई सोशिक नसते' हे नाही, 'निदान एक तरी नसते' एवढंच पुरतं, हे मी आजीला समजावलं. आजी म्हणाली, 'ती एक कोण ते मला ठाऊक आहे.' बाबा फक्त विचारायचे, 'म्हणजे आम्ही मूर्ख का?' हा निष्कर्ष माझ्या कुठल्याच आधारविधानातून निघत नसे, पण तसं म्हणायची हिंमत नव्हती. धमकीने युक्तिवाद जिंकणं हा तर्कदोष आहे. तो आमच्या अभ्यासक्रमातही होता आणि बाबांच्या डोळ्यांतही.

फ्रान्समध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे तेर्मिनालमध्ये, सर्वसाधारण शाखेच्या प्रत्येकाला आठवड्याला 4 तास तत्त्वज्ञान असतं, पुढे इंजिनिअर होणाऱ्यालासुद्धा. जूनमध्ये पेपर, तोही 4 तासांचा. दोन प्रश्न आणि एक उतारा, त्यातलं एकच काहीतरी निवडायचं आणि लिहीत सुटायचं. 2024 साली एक प्रश्न होता, 'राज्यसंस्था आपलं काही देणं लागते का?' 2025 साली, 'सत्य नेहमी पटतंच का?' आमच्याकडे सत्याचा संबंध 'खालील विधाने सत्य आहेत की असत्य ते लिहा' इथपर्यंत. त्याआधी रिकाम्या जागा, नंतर जोड्या लावा. सॉक्रेटिसची जोडी कुणाशी लावायची हे गाइडमध्ये असतं.

अर्थात फ्रान्सचं मला फार कौतुक करायचं नाही. तिथेही परीक्षेआधी सारांशाच्या चोपड्या खपतात, आणि आधी बाजू, मग उलट बाजू, मग दोन्हींचा मेळ असा तयार साचा वापरून निबंध पाडले जातात. मला हेवा वाटतो तो एवढ्याच गोष्टीचा की तिथे ते गणित-विज्ञानवाल्यालाही चुकत नाही. आमच्या गावातले सायन्सवाले नीटच्या, जेईईच्या क्लासला जायचे आणि लॉजिक आर्ट्सवाल्यांसाठी सोडून द्यायचे. पुढे त्यातलेच काही डॉक्टर झाले आणि आता फॅमिली ग्रुपवर 'एकाने काढा घेतला आणि तो बरा झाला' असे संदेश पुढे पाठवतात. उजवी बाजू कोरी.

यंदा भाची अकरावी आर्ट्सला गेली. मी तिला लॉजिकची भरपूर भलामण केली. गॅस, पऱ्हाटी, तीन जहाजं, सगळं सांगितलं. तिने भूगोल घेतला. कारण विचारलं तर म्हणाली, 'आत्या, आमच्या कॉलेजात लॉजिकच्या सरांची जागा रिकामी आहे. जिथे जिथे सर नसतात, तिथे तिथे तास होत नाहीत. जसं गेल्या वर्षीचं अर्थशास्त्र.'

प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, सगळं जागच्या जागी होतं. मी भूगोलाची पुस्तकं आणायला पैसे दिले.