नंबर नसलेल्या मार्टिनचं वय काढताना

न्यू जर्सीत एका घराचं जुनं सामान विक्रीला काढलं होतं, तिथे मला महोगनीचं हे उकुलेले, म्हणजे हवाई बेटांचं गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, मिळालं. विकणाऱ्या बाईंनी ‘1916 चं मार्टिन’, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकन गिटार कंपनीचं, असं ठासून सांगितलं. मार्टिन तर होतंच, डोक्याच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाच्या, मागे कंपनीचा आणि नाझरेथ, पेनसिल्व्हेनियाचा शिक्का होता. पण ते 1916 काही पटेना.

मार्टिन गिटारचं वर्ष अनुक्रमांकावरून निघतं. उकुलेलेवर, सुरुवातीचा थोडा काळ सोडला तर, नंबरच नाहीत. मग एकेक भाग तपासत बसायचं. माझ्या वाद्याच्या कडेला रोजवूडची किंवा सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची पट्टी नाही. म्हणजे सगळ्यात साधं, ‘स्टाइल 0’. हे मॉडेल बाजारात आलं 1922 मध्ये, तेव्हा बाईंचं 1916 तिथेच निकालात निघालं! खुंट्या धातूच्या, सुरुवातीच्या वाद्यांवर असत तशा लाकडी नाहीत. मागाहून बदलल्या असत्या तर जुन्या लाकडी खुंटीचं निमुळतं, मोठं भोक राहिलं असतं. भिंगातून पाहिलं, तसं काही नव्हतं. डोक्याच्या पुढच्या बाजूला सोनेरी नाव नाही, ते 1930 नंतरच्या काही वर्षांत आलं. थोडक्यात, 1920 च्या दशकाचा उत्तरार्ध किंवा फार तर 1930 च्या आगेमागे.

याच निमित्ताने नाझरेथला जाऊन कारखान्याचं संग्रहालय पाहिलं. सी. एफ. मार्टिन हे जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेनचे. 1833 मध्ये न्यूयॉर्कला दुकान थाटलं आणि काही वर्षांत नाझरेथला बस्तान हलवलं. 1907 मध्ये कंपनीने उकुलेले करून पाहिलं, ते गिटारच्या सवयीने: वर स्प्रूस या लाकडाची फळी, आत भरपूर आधारपट्ट्या. आवाज दबलेला, गिऱ्हाईक फिरकेना. मग 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनातून हवाईयन संगीताचं वेड देशभर पसरलं, तेव्हा पातळ, हलक्या महोगनीत ते नव्याने घडवलं. पुढच्या दशकात गिटारपेक्षा उकुलेलेच जास्त खपू लागलं. गिटारसाठी नावाजलेल्या घराण्याचा गल्ला या चिमुकल्या वाद्याने भरला, याची मला भारी गंमत वाटते.

माझ्या वाद्याच्या पाठीला तडा होता. इकडे थंडीत हीटरने घरातली हवा कोरडी पडते आणि लाकूड आकसतं. दुरुस्ती करणाऱ्याने आधी ते दमट पेटीत ठेवलं. तडा बराचसा आपोआप मिटला, मग सरस भरला आणि आतून पाठीच्या लाकडाच्या रेषांना आडव्या अशा लाकडाच्या बारीक चकत्या चिकटवल्या. सरसच का? ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो, पुढच्या माणसाला काम परत उलगडता येतं. नवं पॉलिश मारायला मात्र त्याने साफ नकार दिला. मूळ पॉलिश गेलं की जुन्या वाद्याची किंमत उतरते.

आता नायलॉनच्या तारा लावल्यात. खुंट्यांना दातेरी चाकं नाहीत, नुसत्या घर्षणावर थांबतात. सतारीची सवय असलेल्याला त्याचं काही वाटणार नाही. सुटायला लागल्या की मागचा स्क्रू पाव फेरा आवळायचा.