अ‍ॅव्हरेज किती, असं तुम्ही विचारलंत म्हणून

लिटरला नऊ किलोमीटर. घाटात साडेसात-आठ. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सावकाश गिअरमध्ये, किती देते ते मी मोजतच नाही. पंपावर, लग्नात, डेअरीसमोर, जिथे माझी गुरखा जीप उभी करीन तिथे हा प्रश्न येतो आणि उत्तर ऐकलं की पुढचं ठरलेलंच असतं, "मग डॉक्टर, परवडते कशी?" एकदाचं नीट सांगतो.

परवडत नाही. जनावरं तपासून जी फी मिळते, तिचा मोठा हिस्सा पावसाळ्यात डिझेलात जातो. गाडी जास्त पिते त्यात नवल काही नाही. 2.6 लिटरचं इंजिन, दोन टनांच्या आसपास वजन, चिखलासाठी मोठ्या खाचांचे टायर आणि समोरून कपाटासारखी सपाट. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. 60 वरून 90 वर गेलात की तो सव्वादोन पट होतो. म्हणून हायवेला मी सत्तरच्या वर जात नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

पण फोर-लोचा हिशोब निराळा. तिथे इंजिन जोरात फिरतं आणि चाक इंचाइंचाने सरकतं. नीरा-देवघर धरणाच्या पाण्यामागच्या धनगरवाड्यांवर शेवटच्या तीन-चार किलोमीटरला पाऊण तास जातो. तिथे लिटरमागे किलोमीटर मोजून काय कळणार? तासाला किती जळलं ते बघावं लागतं, आणि वर कुणाचं जनावर अडलंय तेही.

पूर्वी मीही तुमच्यासारखाच विचारायचो. माझी छोटी गाडी बावीस द्यायची आणि मोठ्या गाडीवाल्यांना मी उधळे म्हणायचो.

मग आषाढातली ती रात्र आली. म्हैस सकाळपासून अस्वस्थ, कळा येऊन थांबलेल्या, पाण्याची पिशवी दिसत नव्हती. फोन आला तो संध्याकाळी, कारण रेंज वरच्या टेपावरच मिळते. ऐकतानाच वाटलं, गर्भाशयाला पीळ पडलाय. म्हशींत हे नेहमीचं. ओढ्यापाशी लाल चिखलात चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गाडी तिथेच सोडली. एक पोरगा बॅटरी घेऊन खाली आला होता. बॅग आणि दोर घेऊन आम्ही चढायला लागलो. वाटेत दोनदा ओढा ओलांडला.

पोचलो तेव्हा म्हैस आडवी झाली होती. पीळ ज्या बाजूला, त्या कुशीवर जनावर घ्यायचं, पाय बांधायचे, पोटावर फळी टाकून एकाने तिच्यावर उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच बाजूला लोळवायचं. दाराची फळी काढली. तिसऱ्या लोळणीला पीळ सुटला, हाताला कळलं. पण आत वासरू केव्हाच गेलं होतं आणि गर्भाशयाचं तोंड उघडेना. सलाईन लावली, कॅल्शियम दिलं. पहाटे म्हैसही गेली. तिच्या दुधावर ते घर चालत होतं.

म्हातारीने मला बोल लावला नाही. हात धुवायला पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "गाडी कुठं ठिवली?"

त्या प्रश्नानंतर मी जुनी गुरखा घेतली. पुढचा-मागचा दोन्ही डिफ लॉक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना एकत्र फिरायला लावणारी कळ, असलेली, कारण तिरक्या वाटेवर एक चाक हवेत गेलं तरी उरलेल्यांनी ओढायला हवं. आता फळीही गाडीतच असते.

तरी माझ्यातला तो बावीसवाला गप्प बसलेला नाही. तो म्हणतो, म्हैस सकाळीच अडली होती, तू दीड तास आधी पोचला असतास तरी वासरू वाचलं नसतं. हे मला खोडता येत नाही. म्हैस वाचली असती का, हेही सांगता येत नाही. तो म्हणतो, शेजारच्या खोऱ्यातला डॉक्टर मोटरसायकलवर फिरतो, लिटरला पन्नास काढतो आणि जनावरं त्याच्याही हातून वाचतात. हेही खरं. मी म्हणतो, त्याच्या खोऱ्यात डांबर वाडीपर्यंत गेलंय. मग तो म्हणतो, उद्या तुझ्याकडेही जाईल, तेव्हा ही गाडी कशाला ठेवशील?

तेव्हाचं तेव्हा बघू. बायको भाजीला स्कूटरवर जाते, पुण्याला मी एसटीने जातो. गुरखा फक्त वर चढायला निघते, आणि या आषाढात तरी मी ती विकणार नाही.