बजेट बिल्ड (स्वस्तात स्वतः जोडलेला पीसी), अपडेट ४: दुपारीच मरणारी रॅम

सापडलं बे एकदाचं! गेम मधेच बंद पडायचा, तीन आठवडे डोकं खाल्लं त्या क्रॅशनं.

मागच्या वेळी सांगितलंच होतं, रायझन ५६०० प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड मस्त चालून राहिलेत, ३२०० स्पीडची रॅम ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, ३६०० वर नेली, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १८००, रात्रभर टेस्टमेम (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) चालवलं तर एकही एरर नाही. म्हटलं झालं. तर दुसऱ्या दिवशी दुपारी गेम लावला न लावला की वीस मिनिटांत थेट डेस्कटॉपवर. रात्री तोच गेम चार तास खेळलो, काहीच नाही! डीडीयूनं (ड्रायव्हर मुळापासून पुसणारं सॉफ्टवेअर) साफ करून ग्राफिक ड्रायव्हर परत टाकला, कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) उणे २० वरून शून्यावर आणला, मित्राचा ६५० वॅटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) उचलून आणला, तरी तेच. बर्डीवर (नागपूरचं सीताबर्डी मार्केट) ज्याच्याकडून रॅम घेतली तो म्हणे, "भाऊ, ओव्हरक्लॉक केलं ना, मग वॉरंटी विसरा." बरं.

परवा बाहेर ४४ डिग्री, त्यात खोलीतल्या कूलरची टाकी रिकामी, खोलीचा भट्टा झालेला. क्रॅश झाल्या झाल्या कॅबिनेटचं पॅनल काढून रॅमच्या पट्टीला बोट लावलं तर चटकाच बसला, आणि तिथं ट्यूब पेटली. टेस्टमेम एकटं चालतं तेव्हा ग्राफिक कार्ड थंड बसलेलं असतं, गेममध्ये तेच कार्ड १३० वॅटची गरमी खालून रॅमवर सोडतं. आणि मी शहाण्यानं टीआरएफसी (रॅमला रिफ्रेशसाठी, म्हणजे चार्ज पुन्हा भरायला, मिळणारा वेळ) ५२० पर्यंत आवळून ठेवलेलं! रॅमच्या सेलमधला चार्ज गरमीत लवकर गळतो, वरून रिफ्रेशलाही वेळ अपुरा, मग डेटा बिघडणारच.

आता टीआरएफसी ५८०, रॅमचं व्होल्टेज १.४० वरून १.३७, आणि जुना १२० एमएमचा फॅन झिपटायनं रॅमसमोर बांधला. दिसायला भंगार दिसतंय, दिसू द्या. काल भर दुपारी मुद्दाम कूलर बंद ठेवून टेस्टमेम आणि फरमार्क (ग्राफिक कार्ड तापवणारी टेस्ट) सोबत चालवले, दीड तास, शून्य एरर! घामानं मीच क्रॅश व्हायचा बाकी होतो. या बदलानं गेममध्ये गेले किती, तर दोन एफपीएस (सेकंदाला दोन फ्रेम).

इथं नवीन बिल्ड करणाऱ्यांनी आरजीबीच्या (रंगीत लायटिंगच्या) पैशात दोन फॅन जास्तीचे घ्या, अन् कूलरचा ओला झोत सरळ कॅबिनेटवर सोडू नका.

पुढं पीबीओ (प्रोसेसरचा वेग वाढवायची सेटिंग) करणार होतो, पण हे लिहिता लिहिताच सुचलं, गरमी कार्डचीच आहे तर आधी कार्डच अंडरव्होल्ट, म्हणजे कमी व्होल्टेजवर, काहून नाही करायचं? १०५० मिलिव्होल्टपासून सुरू करतो. जमलं तर तो झिपटायवाला फॅनही निघेल.