नवापूरच्या पाळक शिबिराहून परतल्यावर : पुढे जाणाऱ्यांसाठी काही नोंदी

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात ख्रिस्ती पाळक (धर्मोपदेशक) आणि सुवार्तिकांचे (प्रचारकांचे) तीन दिवसांचे विभागीय शिबिर भरले होते. त्यात शिकवण्यासाठी आम्ही पुण्याहून चौघे जण गेलो होतो, त्यांत दोघी भगिनी होत्या. नवापूर, विसरवाडी, चिंचपाडा या परिसरातून आणि सीमेपलीकडच्या गुजरातेतील सोनगड, उच्छल भागातून साठेक पाळक आले होते. अशा शिबिरांना पुण्या-मुंबईहून शिकवायला जाणाऱ्यांची संख्या आता वाढत आहे. त्यांना उपयोग व्हावा म्हणून, आम्ही काय केले, काय चुकले आणि पुढच्या वेळी काय वेगळे करायला हवे, हे येथे लिहीत आहे.

प्रथम प्रवासाविषयी. पुण्याहून दोन मार्ग आहेत. एक रस्त्याने नाशिक, धुळे, साक्री असा, आणि दुसरा रेल्वेने सुरतेपर्यंत जाऊन तेथून भुसावळच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने नवापूरला उतरण्याचा. आम्ही जाताना रस्त्याने गेलो आणि येताना रेल्वेने आलो. धुळ्यापासून नवापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरच आहे, परंतु वाटेत कोंडाईबारीचा घाट लागतो आणि तेथे अवजड वाहनांची रांग लागली की वेळेचा हिशेब राहत नाही. म्हणून पहिले सत्र ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या दिवशी मुक्कामाला पोहोचावे. आम्ही संध्याकाळी सहाला पोहोचण्याच्या बेताने निघालो आणि रात्री साडेनऊला पोहोचलो. तोवर तेथील मंडळीतील (चर्चमधील) माणसे आमच्यासाठी जेवायची थांबली होती. मुंबईहून येणाऱ्यांना सुरत किंवा उधना येथे गाडी बदलून येणे सर्वांत सोयीचे आहे. नवापूरच्या स्थानकातून राज्यांची सीमा जाते, फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये आहे. या भागातल्या मंडळ्यांचे जीवनही असेच दोन राज्यांत वाटलेले आहे, आणि ते ध्यानात न घेता आखलेले शिबिर अर्धेच यशस्वी होते.

येथील पाळक कोण आहेत, हे आधी समजून घेतले पाहिजे. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमधून आलेल्या मिशनऱ्यांनी काम केले, त्यांच्या काळातील काही मंडळ्या आज चौथ्या पिढीत आहेत. त्याशिवाय गेल्या काही दशकांत स्थानिक सुवार्तिकांच्या श्रमाने पाड्यापाड्यांवर लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या धर्मशिक्षणाच्या संस्थेत राहून शिकलेला पाळक यांच्यात विरळा. ती संस्था १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. तेथील पदवीसाठी तीन-चार वर्षे घर सोडून राहावे लागते. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू जमीन, दोन बैल आणि शाळेत जाणारी तीन मुले आहेत, त्याला ते शक्य होत नाही. त्यामुळे असे तीन दिवसांचे शिबिर हेच अनेकांचे एकमेव औपचारिक शिक्षण ठरते, आणि म्हणूनच ते निष्काळजीपणे घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पहिली चूक आमच्याकडून भाषेची झाली. टिपणे आम्ही पुण्यातच छापून नेली होती, आणि त्यांत ‘नीतिमत्त्व’, ‘प्रायश्चित्त’, ‘समर्थन’ असे शब्द न उलगडता ठेवले होते. पहिल्या दुपारी माझ्या लक्षात आले की माना डोलत आहेत, परंतु वह्यांत काही उतरत नाही. यांच्यातील कोणी घरी मावची बोलतो, कोणी भिली, कोणी कोकणी (ही कोकणातली कोकणी नव्हे, सह्याद्री-सातपुड्याच्या पट्ट्यातील कोकणा समाजाची बोली आहे), आणि सीमेपलीकडून आलेल्यांची लिहिण्याची भाषा गुजराती असते. मराठी ही त्यांची शाळेची आणि पवित्र शास्त्राची (बायबलची) भाषा आहे, घरची नव्हे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये तेथील छापखान्यातून बाहेर पडले. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी ज्या गोष्टीसाठी आयुष्यातील इतकी वर्षे घालवली, ती आपण विसरून जड टिपणे घेऊन जातो, याचे मला त्या दुपारी फार वाईट वाटले. त्या रात्री आम्ही टिपणे बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून केवळ शास्त्र हातात धरले.

विषय आम्ही एकच घेतला होता आणि तो निर्णय मात्र योग्य ठरला. अशा शिबिरांत पुष्कळदा सहा वक्ते सहा विषय घेतात. कौटुंबिक जीवन, नेतृत्व, दशांश, शेवटचा काळ असे सगळे एका दिवसात येते आणि पाळकाच्या हाती रविवारी वापरता येईल असे काहीच लागत नाही. आम्ही तीन दिवस पवित्र शास्त्रातील, प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेले दुसरे पत्र घेतले. त्याचे अध्याय चारच आहेत. पहिल्या सत्रात कोणीही काही शिकवले नाही. संपूर्ण पत्र आरंभापासून अखेरपर्यंत मोठ्याने वाचले, त्याला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. चहाच्या वेळी एका पाळकांनी मला सांगितले की वीस वर्षे सेवा करूनही हे पत्र एका बैठकीत त्यांनी कधी ऐकले नव्हते, कारण आपण सदैव एकेक वचन तोडून घेतो. त्यानंतर बोलीप्रमाणे गट पाडले. पंथाप्रमाणे पाडले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. पंथाप्रमाणे बसवले की माणसे आपापल्या मंडळीची बाजू राखून बोलतात, आणि बोलीप्रमाणे बसवले की मोकळी होतात. प्रत्येक गटाने एक उतारा निवडून पंधरा मिनिटांचे प्रवचन आपल्या बोलीत तयार करायचे आणि तिसऱ्या दिवशी सर्वांसमोर द्यायचे, असे ठरवले.

मावची बोलणाऱ्यांच्या एका गटात मी बसलो होतो. त्यांच्यापुढे दुसरा अध्याय होता, ज्यात सैनिक, मल्ल आणि शेतकरी अशी तीन उदाहरणे येतात. कष्ट करणाऱ्या शेतकऱ्याला पिकाचा पहिला वाटा मिळाला पाहिजे, हे वचन वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग चाळिशीतले एक पाळक म्हणाले, “साहेब, आमच्यात पहिला वाटा मुकादमाचा असतो.” या भागातली पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, पावसाळ्यात घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) कोयत्याने फेडायची असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि हंगाम संपताना कधी हातात पैसे राहतात, कधी उलट बाकी निघते. हे पाळक स्वतः चार वर्षे कोयता घेऊन गेलेले होते. त्यांचा प्रश्न सरळ होता : ज्याला पहिला वाटा कधीच मिळत नाही त्याला हे वचन कसे सांगायचे? आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते, आणि ते नसल्याचे आम्ही स्पष्ट सांगितले. पुढचा दीड तास त्या गटाने जे चिंतन केले, तसे मी अनेक वर्षांच्या शिकवण्यात क्वचित ऐकले आहे. मुकादम वाटा घेतो ही अन्यायाची गोष्ट आहे आणि पौल नेमके सांगतो आहे की असे असू नये, येथपर्यंत ते स्वतःच पोहोचले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दिलेले प्रवचन मला शब्दशः समजले नाही, परंतु सभागृह ज्या शांततेने ऐकत होते ती मला समजली.

जेवणाविषयी थोडेच लिहितो, कारण त्यात उणे काही नव्हते. ज्वारीची भाकरी, नवापूरची तूरडाळ आणि दुपारी भात, असे मंडळीतील बहिणी रांधत होत्या. बाहेरून आलेल्यांसाठी वेगळा स्वयंपाक करू नये असे आधीच कळवावे, नाहीतर ते करतात, आणि मग वक्ते एका पंगतीला आणि पाळक दुसऱ्या पंगतीला बसतात. खरे बोलणे पंगतीतच होते. कर्जाविषयी, मुलाच्या आजाराविषयी, मंडळीतील फुटीविषयी पाळक सत्रात कधीच बोलत नाही. तो ताट धुताना, हौदापाशी बोलतो. म्हणून दुपारी किमान दोन तास मोकळे ठेवावेत आणि त्या वेळात शिकवणाऱ्यांनी झोपायला जाऊ नये.

पाळकीण बाईंना बोलावणे हा आमच्या सोबतच्या दोघी भगिनींचा आग्रह होता आणि तो पूर्णपणे बरोबर होता. निमंत्रणात केवळ ‘सपत्नीक’ असे लिहून भागत नाही. लहान मुलांना सांभाळायला दोन मुली नेमल्या आहेत आणि येण्या-जाण्याचे भाडे दोघांचेही मिळेल, असे स्पष्ट लिहावे लागते. तसे लिहिल्यामुळे एकोणीस जणी आल्या. महाराष्ट्रातील एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, परंतु गुजरातच्या बाजूने येणाऱ्यांना ती सवलत लागू होत नाही, हे भाड्याचा हिशेब करताना विसरू नये. त्यांच्या बैठकीत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असू नये. इतके मात्र दिसले की पहिल्या दिवशी भिंतीकडेने बसलेल्या बाया तिसऱ्या दिवशी पुढच्या रांगेत बसल्या होत्या.

एक लहान परंतु उपयोगाची गोष्ट. पन्नाशी ओलांडलेल्या पाळकांपैकी निम्म्याहून अधिक जण वाचताना शास्त्र हाताच्या अंतरावर धरून उजेडाकडे वळवत होते. एक वयस्कर पाळक तर वाचण्याची पाळी आली की शेजाऱ्याला पुढे करत, आणि आम्हांला वाटले की त्यांना वाचता येत नाही. आमच्या सोबतीणीने आपला चष्मा त्यांना दिला, तेव्हा त्यांनी चौथा अध्याय न अडखळता वाचून दाखवला. पौल तीमथ्याला त्रोवसात राहिलेला झगा आणि पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे, आणायला सांगतो आणि हिवाळ्यापूर्वी ये म्हणतो, तेथे ते थांबले आणि म्हणाले, “त्यालाही थंडी वाजत होती आणि वाचायचेही होते.” दुसऱ्या सकाळी बाजारातून दीड ते अडीच नंबरचे वाचायचे चष्मे आणले. पुढे जाणाऱ्यांनी ते घरूनच न्यावेत, सोबत मोठ्या टाइपाचे पवित्र शास्त्र आणि जाड कागदाच्या वह्या न्याव्यात. जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते आणि सभागृहात सतरंजीवर झोपायचे असते. पांघरुणांची सोय आयोजकांवर न टाकता माणशी एक चादर जास्तीची न्यावी.

आता काळाविषयी, कारण येथेच आमचे सर्वांत मोठे चुकले. जानेवारी आम्हांला सोयीचा होता, नाताळ संपलेला आणि उन्हाळा लांब. परंतु बोलावलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पाळक आले नाहीत, कारण ते आपल्या मंडळीबरोबर बारडोलीकडच्या पडावांवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तळांवर, होते. ज्या पाळकाची मंडळी नोव्हेंबर ते एप्रिल उसाच्या फडाशेजारी झोपडीत राहते, तो गावातल्या रिकाम्या प्रार्थनामंदिरात बसून काय करील? म्हणजे ज्यांना उत्तेजनाची सर्वांत अधिक गरज होती तेच आले नव्हते. हंगाम संपल्यावर माणसे परततात, मग लग्नसराई लागते, मृगापासून पेरणी. तेथील पाळकांच्या मते लावणी उरकल्यावर ऑगस्टअखेरीचे दिवस त्यांना सर्वांत मोकळे असतात. पावसाने नाले भरून एखादा पाडा तुटण्याची शक्यता असते, तरी माझे मत आता त्यांच्याच बाजूचे आहे. तारीख पुण्यात ठरवू नये.

व्यवहाराच्या दोन गोष्टी राहिल्या. सभागृहाच्या वापराची लेखी परवानगी आणि शिबिराच्या तारखांचे पत्र स्थानिक पोलीस ठाण्यात आधी द्यावे आणि त्याची पोच जवळ ठेवावी. आम्ही ते केले होते आणि तीनही दिवस निश्चिंत गेले. परदेशी पाहुणा पर्यटक व्हिसावर आला असेल तर त्याला व्यासपीठावर शिकवायला उभे करू नये, तो नियमभंग आहे आणि त्याचा त्रास त्याला नव्हे, मागे राहणाऱ्या पाळकाला होतो. भाड्याचे पैसे तिकीट पाहून, सर्वांसमोर, वहीत सही घेऊन द्यावेत. एखाद्याची अडचण पाहून त्याच्या हातात एकट्याने गुपचूप नोट ठेवण्याचा मोह होतो, मलाही झाला. परंतु त्यातून पाळकांत आपसांत दुरावा येतो. अशी मदत विभागातील वडीलजनांच्या (मंडळ्यांच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या) मार्फतच करावी.

शिबिराची पहिली उपासना आम्ही प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायावर घेतली होती. तेथे पौल इफिसच्या मंडळीतील वडीलजनांना मिलेतला बोलावून घेतो, आणि याच हातांनी मी माझ्या गरजा भागवल्या असे म्हणून आपले हात त्यांना दाखवतो. निघण्याच्या सकाळी नवापूरच्या फलाटावर मला त्या अध्यायाची पुन्हा आठवण झाली. मुकादमाचा प्रश्न विचारणारे पाळक आमच्याच गाडीने निघाले होते, त्यांना व्याऱ्याला उतरून पुढे पडावावर जायचे होते. त्यांच्या पिशवीत एक चादर, नवी वही आणि गटात तयार केलेले प्रवचन होते. रविवारी सकाळी पडावावर उपासना होत नाही, ऊसतोड चालू असते. उसाची गाडी भरून गेल्यावर, रात्री नऊ-दहाला, बत्तीच्या उजेडात माणसे जमतात. तुम्ही एकदा तेथे या, असे त्यांनी उतरताना सांगितले. हंगाम संपण्याच्या आत, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही दोघे जण जाणार आहोत आणि या वेळी शिकवण्यासाठी काही नेणार नाही.