राउटरचा रीसेट दाबण्याआधी

फोनवर वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसते आणि तरीही एकही पान उघडत नाही, अशा वेळी अनेक घरांत पहिला उपाय ठरलेला असतो: राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालायची आणि रीसेट करायचे. या सवयीला माझा ठाम विरोध आहे. अनेक फायबर जोडण्यांमध्ये ऑपरेटरच्या माणसाने राउटरमध्ये लॉगिनचे नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (ऑपरेटरच्या जाळ्यातल्या वेगळ्या मार्गिकेचा) क्रमांक भरून ठेवलेला असतो. छिद्रातले बटण काही सेकंद दाबून धरले की हे सगळे पुसले जाते. मूळ दोष रस्त्यावरच्या तारेत असला आणि तो संध्याकाळी दुरुस्त झाला, तरी नेट येत नाही, कारण दरम्यान घरात दुसरा दोष तयार झालेला असतो. राउटर बंद करून पुन्हा चालू करणे आणि रीसेट करणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली निर्धास्तपणे करावी. दुसरी ऑपरेटरशी बोलल्याशिवाय करू नये.

वाय-फायची खूण फक्त एवढेच सांगते की फोन आणि राउटर यांची जोडणी ठीक आहे. त्यापुढे फायबरमधून प्रकाश यावा लागतो, ऑपरेटरच्या यंत्राने आपला डबा, म्हणजे फायबर ज्यात शिरते तो घरचा राउटर, ओळखावा लागतो, लॉगिन व्हावे लागते आणि संकेतस्थळांची नावे पत्त्यांत बदलून मिळावी लागतात. यांपैकी कोणती कडी तुटली आहे, हे ठरवण्यासाठी बहुतेक वेळा डब्यावरचे दिवे पुरेसे असतात.

साताऱ्याला राहणाऱ्या माझ्या आत्याचा पावसाळ्यात हमखास फोन येतो, "अरे, नेट गेलंय बघ." आमचे संभाषण आता ठरून गेले आहे. "आत्या, काही दाबू नकोस. आधी दिवे वाच." ती चष्मा लावून टीव्हीच्या कपाटाजवळ जाते आणि एकेक दिवा सांगते. एलओएस या अक्षरांजवळ लाल दिवा असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. मग राउटरमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. घरात पाहण्यासारखी जागा एकच उरते, ती म्हणजे डब्यात जाणारी फायबरची बारीक पिवळी वायर, पॅचकॉर्ड. आत्याकडे एकदा साफसफाईनंतर कपाट भिंतीला टेकवून सरकवले गेले होते आणि ती वायर कपाट व भिंत यांच्यामध्ये दुमडून चेपली होती. कपाट चार बोटे पुढे घेतले, वायर मोकळी केली आणि लाल दिवा विझला. फायबर तांब्याच्या तारेसारखे वाटेल तसे वळवता येत नाही. तीव्र वळणावर त्यातला प्रकाश बाहेर निसटतो, आणि काच तडकली तर वायर बदलण्यावाचून गत्यंतर नसते. हिरव्या टोकाचा जोड काढला, तर त्याच्या पांढऱ्या अग्राला बोट लावू नये आणि त्यात डोळा लावून पाहू नये. येणारा प्रकाश अवरक्त, १४९० नॅनोमीटरचा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही असे मानणे धोक्याचे आहे.

पॉनचा, म्हणजे ऑपरेटरच्या फायबर जाळ्याशी जोडणी दाखवणारा, दिवा लुकलुकत राहत असेल, तर प्रकाश पोहोचतो आहे, पण ऑपरेटरच्या यंत्राने डब्याची नोंद पूर्ण केलेली नाही. हे काम त्यांच्याकडचे आहे.

पॉन स्थिर हिरवा आणि इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल, ही अवस्था मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण इथे घरबसल्या बरेच कळू शकते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा डब्याखाली छापलेला पत्ता उघडून वॅनची, म्हणजे ऑपरेटरकडे जाणाऱ्या बाहेरच्या जोडणीची, स्थिती पाहावी. तिथे पीपीपीओईचे (नाव-पासवर्ड देऊन ऑपरेटरकडे होणारे) लॉगिन नाकारल्याचा संदेश असेल, तर आधी प्लॅनची मुदत तपासावी. मुदत शिल्लक असेल, तर आणखी एक शक्यता असते. वीज अचानक गेली की राउटर लॉगिन रीतसर न सोडता बंद पडतो, ऑपरेटरच्या यंत्राला मात्र जुने सत्र चालूच आहे असे वाटत राहते, आणि एका वेळी एकच सत्र चालू देणारी यंत्रणा नवे लॉगिन नाकारते. राउटर काही मिनिटे पूर्ण बंद ठेवल्यावर नेट आपोआप येते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. नुकताच नवा राउटर घेतला असेल, तर काही ऑपरेटर ग्राहकाचे खाते जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे यंत्राच्या ओळखक्रमांकाशी, बांधून ठेवतात, हेही ध्यानात असावे. त्यांना नवा पत्ता कळवेपर्यंत पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही.

जाड भिंतींच्या घरांत फायबरच्या डब्यापुढे दुसरा राउटर जोडतात, आणि तिथला एक दोष फार लोकांना छळतो. दोन्ही यंत्रांचा स्वतःचा पत्ता कारखान्यातून १९२.१६८.१.१ असाच आलेला असतो. दुसऱ्या राउटरला आतले आणि बाहेरचे जाळे सारखेच दिसते, त्यामुळे पुढे कुठे पाठवायचे हे त्याला ठरवता येत नाही. काही नवे राउटर हा गोंधळ ओळखून आपला पत्ता स्वतः बदलतात. बाकीच्यांचा पत्ता हाताने १९२.१६८.२.१ असा करावा लागतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवणे: मग पत्ते वाटण्याचे काम पहिलाच डबा करतो आणि दुसरा फक्त वाय-फाय पसरवतो. वॅनसाठी असलेली केबल नजरचुकीने लॅनच्या, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या, खोबणीत बसली, तर मात्र एकाच घरात दोन यंत्रे पत्ते वाटू लागतात, आणि मग एका फोनवर नेट चालते, दुसऱ्यावर चालत नाही.

लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडला, तर वाय-फायचा प्रश्न बाजूला पडतो. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. पत्ता ठीक असेल, तर लॅपटॉपवर पिंग ८.८.८.८ ही आज्ञा देऊन बाहेरच्या यंत्राकडून उत्तर येते का ते पाहावे. उत्तर येते, पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, असे असल्यास दोष डीएनएसचा, म्हणजे नावे पत्त्यांत बदलणाऱ्या सेवेचा; राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरल्यावर तो सहसा सुटतो.

सगळे दिवे मधूनच विझून पुन्हा लागत असतील, तर अडॅप्टरकडे पाहावे. जुना अडॅप्टर दिवा लावण्याइतकी वीज देतो, पण भार वाढला की त्याचा विद्युतदाब घटतो आणि राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नवा घेताना व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असावेत.

एवढे पाहून झाल्यावर तक्रार नोंदवताना "नेट बंद आहे" एवढेच सांगू नये. "एलओएस लाल आहे" किंवा "पॉन स्थिर आहे, पण लॉगिन नाकारले जात आहे" असे सांगितले, तर येणारा माणूस स्प्लायसिंगचे (फायबरची टोके जोडण्याचे) यंत्र घेऊन यायचे की कार्यालयातूनच खाते तपासायचे, हे आधी ठरवू शकतो. जोड करून तो माणूस निघण्याआधी त्याला प्रकाश मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा आपल्यासमोर दाखवायला सांगावा. जीपॉन या फायबर पद्धतीच्या प्रचलित बी-प्लस वर्गातला घरचा डबा उणे २७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचे माप) इतका क्षीण प्रकाश वाचू शकतो, आणि दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. आकडा उणे २६ असेल, तर नेट त्या क्षणी चालते, पण वायर थोडी हलली किंवा जोडावर धूळ बसली की पुन्हा लाल दिवा लागतो. तेव्हा तो जोड तिथल्या तिथे पुन्हा करून घ्यावा.